विदा, खासगी आणि संमती : अफजलपूरच्या एका वर्गातून

हा विषय मी शिकवायला घेतला तो एका चुकीमुळे, आणि चूक माझीच होती. शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी चालली होती. ज्या मुलांची कागदपत्रे अपुरी होती त्यांची यादी मी छापून घेतली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. निरोप लवकर पोचावा एवढाच हेतू होता. यादीत मुलांची नावे होती, जन्मतारखा होत्या, जात होती, पालकांचे मोबाइल क्रमांक होते आणि बँक खात्याचे क्रमांकही होते. गटात दीडशेच्या वर माणसे. त्यांतली कितीतरी माझ्या ओळखीची नव्हती.

आठवड्याभरात एका मुलीच्या आईला फोन आला. बोलणाऱ्याने मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता आणि जन्मतारीख बरोबर सांगितली, शिष्यवृत्ती अडकली आहे असे सांगून ओटीपी मागितला. आईने तो दिला. खात्यात फार पैसे नव्हते, पण होते ते गेले. तो फोन माझ्या यादीवरूनच आला असे सिद्ध करता येणार नाही, तशी माहिती बाहेर पडण्याच्या वाटा आज अनेक आहेत. तरी ती बाई शाळेत येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, त्याला सगळं ठावं होतं, म्हणून मला वाटलं शाळेतलाच माणूस असंल." या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. फसवणाऱ्याकडे कसली जादू नव्हती. त्याच्याकडे होती फक्त माहिती, आणि माहितीमुळे मिळणारा विश्वास.

त्यानंतर आठवी ते दहावीच्या मुलांसाठी दर शनिवारी एक तास मी या विषयाला देऊ लागलो. त्या तासांत काय घडले, काय जमले आणि भाषेच्या बाबतीत काय अडले, ते या लेखात मांडत आहे. भाषा अकादमीच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, असे कोणाला वाटेल. माझा अनुभव असा की या विषयाचे निम्मे दुखणे भाषेचेच आहे.

पहिली अडचण शब्दाची. आमचा तालुका भीमेच्या काठचा. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आता कलबुर्गी जिल्ह्यात. पलीकडे अक्कलकोट आणि सोलापूर. वर्गात कन्नड, मराठी, दखनी आणि तांड्यावरच्या मुलांची लंबाणी अशा चार बोली एकत्र नांदतात. इंग्रजीत ज्याला 'प्रायव्हसी' म्हणतात त्याला तुमच्या घरात काय म्हणाल, असे मी विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाला, "चोरून काहीतरी करणं." वर्ग हसला. पण बहुतेकांच्या मनात तेच होते. दुसऱ्याने भर घातली, "सर, आमच्यात लपवण्यासारखं काय आहे? लपवायचं ते श्रीमंतानं."

मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'गोपनीयता' आणि 'खासगी'. 'गोपनीय' हा शब्द संस्कृत 'गुप्' धातूपासून आलेला, आणि त्या धातूचा अर्थ केवळ लपवणे असा नाही, राखणे, सांभाळणे असाही आहे. 'गुपित' त्याच घरातले. पिकाची राखण करणारा पीक लपवत नसतो, एवढे सांगितल्यावर शेतकऱ्यांच्या मुलांना पुढचे समजावून सांगावे लागले नाही. 'खासगी' अरबी-फारसीतून आला. मराठेशाहीत राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीला हा शब्द होता. होळकरांच्या राज्यात 'दौलत' म्हणजे राज्याचा पैसा आणि 'खासगी' म्हणजे राजघराण्याचा, अशी खाती वेगळी असत. म्हणजे एके काळी खासगी हे असायचेच राजाराणीला. रयतेला कसले खासगी? लपवायचे ते श्रीमंताने, असे म्हणणारा मुलगा नकळत इतिहासच सांगत होता.

कन्नडमध्येही हाच शब्द आहे, 'खासगितन'. 'माहिती' तर दोन्ही भाषांत जशीच्या तशी. 'परवानगी'ची मात्र गंमत होते. मराठीत ती आईकडेही मागतात आणि सरकारकडेही, कन्नडमध्ये 'परवानगी' म्हटले की मुलांना दुकानाचा किंवा गाडीचा परवाना आठवतो. अ‍ॅपला परवानगी द्या म्हटल्यावर कन्नड घरातल्या एका मुलीला वाटले की सरकारी लायसन्स लागते. असे घोटाळे पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत.

'डेटा'ला मराठीत 'विदा' हा शब्द काही लेखक वापरतात, 'विद्' म्हणजे जाणणे या धातूवरून. मी तो फळ्यावर लिहिताच मागच्या बाकावरचा दखनी बोलणारा मुलगा म्हणाला, "सर, विदा म्हणजे तर निरोप. गेला तो गेला." व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याचे चुकले, विषयाच्या दृष्टीने नाही. तेव्हापासून आमच्या वर्गात विदा म्हणजे हातून गेलेली माहिती. शब्दकोशाने मान्य करावे असा माझा आग्रह नाही, पण यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

आता माहिती गोळा कशी होते ते. व्याख्यान द्यायचे नाही असे ठरवले होते. पहिला प्रयोग चिठ्ठ्यांचा केला. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव न लिहिता तीनच गोष्टी लिहायच्या : जन्माचा दिवस आणि महिना, गाव किंवा गल्ली, आणि शाळेत कोणत्या बसने किंवा कसे येता. चिठ्ठ्या मिसळून मी एकेक मोठ्याने वाचली. तीन-चार सोडून सगळ्या चिठ्ठ्यांचे मालक वर्गाने ओळखले. नाव कुठेच नव्हते. अमेरिकेत लतान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली हेच मोठ्या प्रमाणावर दाखवले होते. तिथल्या जनगणनेच्या आधारे तिने हिशेब मांडला की पिनकोडसारखा विभाग क्रमांक, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात. 'आम्ही तुमचे नाव घेत नाही' असे अ‍ॅप सांगते तेव्हा ही चिठ्ठी आठवावी.

इथे थोडे विषयांतर. आमच्या भागातल्या जुन्या पिढीला हा प्रयोग लागू पडला नसता. त्या काळी मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख कोणाला माहीत नसे, आणि मास्तर सरसकट १ जून लिहीत. माझ्या वडिलांची १ जून, काकांची १ जून, शेजाऱ्यांचीही तीच. इतक्या लोकांना एका तारखेत दडवण्याचे काम त्या मास्तरांनी केले ते केवळ कंटाळ्याने, पण आज संगणकशास्त्रात ज्याला ओळख पुसणे म्हणतात त्याच्या ते बरेच जवळ आहे.

दुसरा प्रयोग गाणगापूरच्या जत्रेचा. गाणगापूर आमच्याच तालुक्यातले. दत्तभक्तांची, विशेषतः महाराष्ट्रातल्या भाविकांची, तिथे वर्षभर रीघ असते. जत्रेतल्या दुकानांची सर्व मुलांना चांगली ओळख. मी विचारले, बांगड्यांच्या दुकानात तू काय पाहिलेस ते कोणाला कळते? दुकानदाराला. खेळण्यांच्या दुकानात काय उचलून ठेवलेस ते? त्या दुकानदाराला. आता समज की प्रत्येक दुकानाच्या पडद्यामागे एकच माणूस बसला आहे. दुकान त्याचे नाही, पण पडद्याची जागा त्याने भाड्याने घेतली आहे. तू बांगड्यांपाशी थांबलीस, प्रसादाचे भाव विचारलेस, औषधाच्या टपरीवर खोकल्याची गोळी घेतलीस, हे सगळे तो एकाच वहीत लिहितो. संध्याकाळी घरी परतताना बसस्टँडवर तुझ्यासमोर खोकल्याच्या औषधाची पाटी धरली जाते. संकेतस्थळांवर आणि अ‍ॅपमध्ये इतर कंपन्यांचे जे छोटे प्रोग्राम बसवलेले असतात, ज्यांना ट्रॅकर म्हणतात, ते हेच काम करतात. दुकाने वेगळी, वही एक.

"पण सर, किराणावालाही लिहितो की," एक मुलगी म्हणाली. खरे आहे. उधारीच्या वहीत घरची सगळी गरिबी उतरलेली असते. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांकडे तर यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत, नाव, गाव, पूर्वज, सह्या. माणसाची माहिती लिहून ठेवणे आपल्याला नवे नाही. पेशवाईत खानेसुमारीही होत असे. मग फरक काय? यावर वर्गात पाऊण तास वाद झाला आणि तो माझ्या मते वर्षातला सर्वांत चांगला तास. मुलांनी काढलेले फरक असे : किराणावाल्याची वही आपल्याला दिसते, चुकले तर तिथेच भांडता येते. ती वही दुसऱ्या गावी जात नाही. एका वहीवरून हजार वह्या एका क्षणात होत नाहीत. शेवटचा फरक एका अबोल मुलाने सांगितला : "त्याला आपण ओळखतो, तसं तोही आपल्याला ओळखतो. मोबाइलवाला आपल्याला ओळखतो, आपण त्याला नाही."

ठिकाणाच्या माहितीबद्दल सीमेवरच्या मुलांना फारसे शिकवावे लागत नाही. दुधनीच्या बाजाराला जाताना हद्द ओलांडली की महाराष्ट्रात स्वागत असल्याचा एसएमएस येतो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. मोबाइल कोणत्या टॉवरला जोडला आहे हे कंपनीला कळल्याशिवाय फोन लागूच शकत नाही, ते टाळता येत नाही. पण विजेरीच्या किंवा कॅरमच्या अ‍ॅपला ठिकाण कशाला हवे? हा प्रश्न आम्ही प्रत्येक अ‍ॅपला विचारायचे ठरवले : तुझ्या कामाला हे लागते का? सेटिंगमध्ये जाऊन मुलांनी घरच्या फोनमधल्या परवानग्या तपासल्या. कॅमेरा, माइक, संपर्कयादी आणि ठिकाण या चार गोष्टींपुरते पाहा म्हटले होते. सोमवारी वह्यांत जे उतरले ते वाचून मीच माझ्या फोनमधली तीन अ‍ॅप काढून टाकली.

संपर्कयादीचा मुद्दा मुलांना सर्वांत उशिरा पटला. ती यादी आपली, मग द्यायला काय हरकत, असे त्यांना वाटे. त्या यादीतला क्रमांक मावशीचा आहे आणि मावशीला कोणी विचारलेले नाही, हे लक्षात आल्यावर वर्ग शांत झाला. मी माझ्या यादीच्या फोटोची गोष्ट त्याच दिवशी सांगितली. त्या मुलीच्या आईची आणि मुलीची परवानगी आधी घेतली होती.

कायद्याकडे वळताना मला भीती होती की मुले कंटाळतील. पण १९६२ च्या खरकसिंग खटल्यातल्या, पोलिसांनी रात्री-अपरात्री दार ठोठावून पाळत ठेवण्याच्या हकिगतीने त्यांचे लक्ष धरून ठेवले. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी रद्द केल्या, पण खासगीपणाचा हक्क राज्यघटनेत नाही असेही म्हटले. ते मत बदलायला २०१७ उजाडले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. अर्जदार होते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, आणि विषय होता आधार. ज्या आधारचे पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी झाले होते, तेच. प्रमुख निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड. आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निकालात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते, तो निकालही त्यांनी याच निकालपत्रात चुकीचा ठरवला. बापाचे चुकले हे लेकाने कोर्टात लिहून दिले, यावर मुले जितकी खूश झाली तितकी कशावरच झाली नसतील.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, आधारसंबंधीच्या निकालात न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या तिथून १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांवर पाळत ठेवणे, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणे, त्यांना हेरून जाहिराती दाखवणे याला मनाई आहे, आणि ही कर्तव्ये मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळांना त्यांच्या शैक्षणिक कामापुरती काही सूट आहे, आणि सरकारी लाभ देण्यासाठी लागणाऱ्या माहितीला दर वेळी संमती लागतेच असे नाही. म्हणजे माझ्या हातातल्या शिष्यवृत्तीच्या यादीला कायद्याचे कुंपण विरळच आहे. ती राखायची ती मीच.

भाषेच्या अभ्यासकांनी या कायद्यातले एक कलम जरूर पाहावे. संमती मागताना जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला दिला पाहिजे. अनुसूचीत २२ भाषा आहेत. कर्नाटकात राहणारा मराठी माणूस ही सूचना मराठीत मागू शकतो, मुंबईतला कन्नड माणूस कन्नडमध्ये. सीमाभागात भाषेवरून इतकी भांडणे होऊनही जे मिळाले नाही ते एका तांत्रिक कायद्यातल्या पोटकलमाने दिले आहे, आणि त्याची चर्चा कुठे ऐकू येत नाही.

पण दोन अडचणी उरतात. एक, लंबाणी अनुसूचीत नाही. माझ्या वर्गातल्या तांड्यावरच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना हा पर्याय नाही. दुसरी, मराठीत म्हणजे कोणत्या मराठीत? आज ज्या मराठी सूचना दिसतात त्यांतली वाक्ये इंग्रजीच्या सांगाड्यावर मराठी कातडे चढवलेली असतात. आम्ही अशी एक सूचना वर्गात वाचली. एका वाक्यात 'तृतीय पक्ष' आला. मुलांना वाटले निवडणूक आहे. आम्ही त्याच्या जागी 'आमच्या-तुमच्याखेरीज इतर कंपन्या' असे लिहिले. 'सेवा सुधारण्यासाठी आपला डेटा सामायिक केला जाऊ शकतो' याचे मुलांनी केलेले मराठी असे : 'तुम्ही काय काय करता ते आम्ही इतर कंपन्यांना सांगू.' कोणती कंपनी हे वाक्य छापेल? अकादमीने मात्र अशा सोप्या वाक्यांचा नमुना तयार करून ठेवायला काय हरकत आहे? परिभाषाकोशात एकेका शब्दाला प्रतिशब्द देऊन हे काम होणार नाही, वाक्येच लागतील.

पालकांच्या संमतीबद्दल कायदा करणाऱ्यांनी जे घर डोळ्यांपुढे ठेवले आहे, ते आमच्याकडे फारसे आढळत नाही. इथे घरात एक स्मार्टफोन, आणि तो चालवणारी मुलगी किंवा मुलगा. बापाच्या पेन्शनचा फॉर्म मुलगी भरते, ओटीपी मुलगी वाचते, 'मान्य आहे' वर बोट मुलगी ठेवते. पालकाने मुलासाठी द्यायची संमती मूलच पालकाच्या नावाने देते. ऊस तोडायला आई-बाप बाहेरगावी गेलेले असतील तर प्रश्नच नाही. मी मुलांना विचारले, वडिलांसाठी 'मान्य आहे' दाबण्यापूर्वी त्यांना काय सांगता? बहुतेकांनी प्रामाणिकपणे सांगितले, काहीच नाही. मग गृहपाठ तोच दिला : पुढच्या वेळी दाबण्यापूर्वी दोन वाक्यांत घरच्या बोलीत सांगायचे की कोण काय मागतो आहे.

सरकारी म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. करोनाकाळात ४९ देशांत वापरल्या गेलेल्या शैक्षणिक अ‍ॅप आणि संकेतस्थळांची तपासणी ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने केली आणि २०२२ साली अहवाल दिला. दहापैकी जवळजवळ नऊ ठिकाणी मुलांचा खासगीपणा धोक्यात येईल अशी माहिती गोळा होत होती. त्यात आपले 'दीक्षा' अ‍ॅपही होते. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की 'दीक्षा'ची माहिती कुलूप नसलेल्या सर्व्हरवर वर्षाहून अधिक काळ उघडी पडली होती. दहा लाखांहून अधिक शिक्षक आणि जवळपास सहा लाख विद्यार्थी. शिक्षक म्हणून मीही ते अ‍ॅप वापरले होते. मुलांना हे सांगताना, चोरी झालीच असे नव्हे, दार उघडे होते, एवढाच अर्थ काढा असे मी बजावले.

व्यवहारात बदल झाले ते लहान आहेत. आता शाळेतली यादी गटावर जात नाही. फक्त हजेरीपटाचा क्रमांक लिहितो, बाकी प्रत्येक पालकाला वेगळे कळवतो. वेळ लागतो. आधारची प्रत मागायचीच तर शेवटचे चार अंक दिसणारे मुखवट्याचे आधार चालते का ते आधी पाहतो, प्रतीवर आडवे लिहायला सांगतो की ही अमुक कामासाठी, अमुक तारखेला. सर्वांत मोठी गळती मात्र झेरॉक्सच्या दुकानात आहे. लोक आधार आणि पासबुकाचे फोटो दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तो छापून देतो, आणि फोटो त्याच्या संगणकात तसेच राहतात. मुलांनी दुकानांत जाऊन, छापून झाल्यावर समोरच पुसा, असे सांगायला सुरुवात केली. एक दुकानदार चिडला. दुसऱ्याने पाटीच लावली, की पुसून मागा, पुसून देऊ. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, हे पाठ करून घेतले आहे. त्या आईला मी तेव्हा हा क्रमांक सांगू शकलो नव्हतो.

गेल्या सत्रात विद्यार्थ्यांच्या बारा अंकी 'अपार' ओळखक्रमांकासाठी पालकांची संमतिपत्रे भरून घ्यायची होती. पूर्वी मी ती दप्तरात घालून पाठवली असती आणि दुसऱ्या दिवशी अंगठे मोजून घेतले असते. या वेळी पालकांना बोलावले. नववीतल्या एका मुलीने तिच्या आईला आणि तांड्यावरच्या आणखी पाच-सहा बायांना ते पत्र लंबाणीत सांगितले. मला त्यातले थोडेच कळत होते. मधूनच तिने 'विदा' म्हटलेले ऐकू आले. सांगून झाल्यावर आईने एक प्रश्न विचारला, मुलीने तो मला मराठीत सांगितला : हे कागद पुढे कोण कोण बघणार, आणि नको वाटलं तर परत घेता येईल का?

संमती मागे घेता येते, असे मी सांगितले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला पूर्ण देता आले नाही, आणि तसे मी तिला सांगितले. ती थोडा वेळ पत्राकडे पाहत राहिली, मग ते घडी घालून कमरेला खोचले आणि म्हणाली, नवरा उसाहून परत आला की ठरवू.

ते पत्र अजून माझ्याकडे आलेले नाही. वरून दोनदा विचारणा झाली. एक पत्र प्रलंबित, असे मी कळवले आहे.